एझेडटी ते टीएलडी : एचआयव्हीच्या गोळ्या का बदलत गेल्या?

एआरटी केंद्रातून मिळणारी बाटली बदलली की माणसं अस्वस्थ होतात. "डॉक्टर, आधीच्या गोळीवर माझं सगळं छान चाललं होतं, मग बदलली कशाला?" "पूर्वी सकाळ-संध्याकाळ घ्यायचो, आता दिवसाला एकच, मग ताकद कमी नाही का झाली?" आणि थोडा आवाज खाली आणून विचारलेला तिसरा प्रश्न : "ही सरकारी फुकटची आहे. बाहेर महाग मिळते ती जास्त चांगली असेल ना?"

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एका वाक्यात देता येतात, पण ती पटत नाहीत. ती पटायची तर या गोळ्या एकामागून एक कशा आल्या आणि आधीच्या गोळ्या कशामुळे मागे पडल्या, हे माहीत असावं लागतं. जवळपास चाळीस वर्षांची ही गोष्ट आहे आणि तिचा एक मोठा भाग आपल्या मुंबईत घडलेला आहे.

आधी विषाणूबद्दल थोडंसं. एचआयव्ही आपल्या सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशींमध्ये शिरतो. त्याची जनुकं आरएनएच्या स्वरूपात असतात. पेशीत शिरल्यावर तो त्यांची डीएनएमध्ये नक्कल करतो. मग ही नक्कल तो आपल्या पेशीच्या डीएनएत घुसवतो. मी रुग्णांना सांगतो, हे म्हणजे परक्याने तुमच्या सातबाऱ्यावर आपलं नाव चढवण्यासारखं आहे. एकदा नाव चढलं की ते खोडणं महाकठीण. म्हणून तर गोळ्यांनी विषाणू पूर्ण दबतो, पण गोळ्या थांबवल्या की परत डोकं वर काढतो. शेवटी ती पेशी नव्या विषाणूंचे सुटे भाग तयार करते आणि कात्रीने कापून ते जोडले जातात. नक्कल करणं, नाव चढवणं आणि कात्री चालवणं या तीन कामांसाठी विषाणूकडे तीन वेगवेगळी एन्झाइम असतात. आपली बहुतेक औषधं या तिघांपैकी कुणाला तरी अडवतात.

पहिलं औषध होतं एझेडटी, म्हणजे झिडोव्ह्युडिन. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये जेरोम हॉर्विट्झ या संशोधकाने ते १९६४ साली बनवलं ते कॅन्सरसाठी. कॅन्सरवर ते चाललं नाही. त्याचं पेटंटसुद्धा कुणी घेतलं नाही, ते तसंच पडून राहिलं. १९८१ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद झाली, १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये विषाणू सापडला, आणि त्यानंतर जुन्या औषधांची कपाटं धुंडाळताना एझेडटी पुन्हा हाती आलं. १९८६ मध्ये २८२ रुग्णांवर चाचणी सुरू झाली, ती मध्येच थांबवावी लागली. कारण खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी १९ जण दगावले होते आणि एझेडटी घेणाऱ्यांपैकी फक्त एक. अशा वेळी उरलेल्यांना खोटी गोळी देत राहणं कुठल्याही डॉक्टरला जमणारं नव्हतं. मार्च १९८७ मध्ये औषधाला मंजुरी मिळाली.

पण ते घेणं म्हणजे शिक्षाच होती. दर चार तासांनी कॅप्सूल घ्यायची, रात्री गजर लावून उठून सुद्धा. रक्त इतकं कमी व्हायचं की अनेकांना बाहेरून रक्त चढवावं लागे. वर्षाचा खर्च आठ ते दहा हजार डॉलर. आणि एवढं करून फायदा टिकत नसे. ब्रिटन, आयर्लंड आणि फ्रान्समध्ये मिळून 'काँकॉर्ड' नावाची चाचणी झाली. लक्षणं नसलेल्या लोकांना लवकर एझेडटी सुरू केल्याने तीन वर्षांनंतर काहीच फरक पडत नाही, असं त्यात १९९३ मध्ये दिसलं. जगभर निराशा पसरली.

असं का झालं, हे महाराष्ट्रातल्या माणसाला समजावणं सोपं आहे, कारण टीबीची 'एकेटी-४' आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. टीबीला एकच औषध दिलं तर जंतू त्याला सरावतात, म्हणून चार द्यावी लागतात. एचआयव्हीचंही तेच, किंबहुना जास्त वाईट. उपचार नसलेल्या माणसाच्या शरीरात हा विषाणू दिवसाला अब्जावधी प्रती काढतो आणि नक्कल करताना सतत चुका करतो. त्या चुकांमधली एखादी नेमकी अशी निघते की औषध तिच्यावर चालत नाही. औषध बाकीच्यांना मारतं, ती प्रत वाचते आणि तिचीच पिलावळ वाढते. यालाच आपण रेझिस्टन्स म्हणतो. एका वेळी तीन औषधं असली तर तिन्हींना चुकवणारी प्रत निघणं जवळपास अशक्य होतं.

तिसरं औषध मिळेपर्यंत १९९५-९६ उजाडलं. कात्रीला अडवणारी प्रोटीएज इनहिबिटर ही औषधं आली : सॅक्विनाव्हिर, रिटोनाव्हिर, इंडिनाव्हिर. जुलै १९९६ मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत तीन औषधांचे निकाल मांडले गेले. पुढच्या एका वर्षात अमेरिकेतले एड्सचे मृत्यू ४७ टक्क्यांनी घटले. वैद्यकशास्त्रात असे आकडे रोज दिसत नाहीत. अर्थात गोळ्या मूठभर होत्या. इंडिनाव्हिर दर आठ तासांनी, रिकाम्या पोटी, आणि दिवसभर लिटर-दीड लिटर पाणी वर प्यायचं, नाहीतर मूतखडा. रिटोनाव्हिरची कॅप्सूल फ्रिजमध्ये ठेवावी लागे. (हेच रिटोनाव्हिर पुढे अगदी छोट्या डोसमध्ये दुसऱ्या औषधांची ताकद टिकवायला वापरलं गेलं, कोविडच्या एका गोळीतही ते होतं.) वर्षाचा खर्च दहा-बारा हजार डॉलर.

आता विचार करा, त्या वेळी आपल्याकडे काय होतं? भारतात १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी पहिल्यांदा एचआयव्ही शोधून काढला. त्यानंतर दहा वर्षांत मुंबई-पुण्यापासून सांगली-कोल्हापूरपर्यंत वॉर्ड भरायला लागले. मी त्याच काळात शिकत होतो. आम्ही टीबीवर उपचार करायचो, जुलाब थांबवायचो, तोंडातली बुरशी घालवायचो, आणि दोन महिन्यांनी तोच माणूस आणखी हाडकून परत यायचा. ज्यांना औषधांचं नाव कळायचं ते घरातलं काहीतरी विकायचे, दोन औषधं महिनाभर घ्यायचे, पैसे संपले की थांबायचे, पुन्हा जमले की सुरू करायचे. वर रेझिस्टन्सचं जे सांगितलं ते आठवा. असं अर्धवट घेतलेलं औषध पैसेही खातं आणि पुढचा दरवाजाही बंद करतं.

हा पेच सुटला तो एका कायद्यामुळे. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूला पेटंट नव्हतं, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीला होतं. वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवणं इथे कायदेशीर होतं. हैदराबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत डॉ. ए. व्ही. रामाराव यांनी एझेडटी बनवण्याची पद्धत बसवली आणि मुंबईच्या सिप्लाने ते बाजारात आणलं. तरी एकटं एझेडटी पुरेसं नाही, हे तोवर कळून चुकलं होतं.

मग २००१ उजाडलं. फेब्रुवारीत सिप्लाचे डॉ. युसूफ हमीद यांनी 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' या संस्थेला तीन औषधं मिळून वर्षाला ३५० डॉलरना द्यायची तयारी दाखवली. म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी, त्या वेळच्या दराने वर्षाला १६,००० रुपयांच्या आसपास. दहा हजार डॉलरवरून साडेतीनशे! किमतीची बातमी जगभर गाजली. मला डॉक्टर म्हणून जास्त महत्त्वाची वाटते ती त्याच वर्षी आलेली गोळी. स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरापिन ही तीन औषधं तीन वेगवेगळ्या परदेशी कंपन्यांच्या मालकीची होती, त्यामुळे त्यांच्याकडे तिन्ही मिळून एक गोळी होणं कठीण. आपल्याकडे ती अडचण नव्हती. सिप्लाने तिन्ही एकत्र करून 'ट्रायोम्युन' बनवली. सकाळी एक, संध्याकाळी एक. फ्रिज नको, उपास नको, आणि तीनपैकी एकच औषध घेऊन बाकीची टाळण्याची सोयही नाही. आफ्रिकेतल्या लाखो लोकांचे प्राण अशा गोळ्यांनी वाचवले.

गंमत पाहा, मुंबईत बनलेली गोळी आफ्रिकेत पोचत होती आणि मुंबईतल्याच गरीब रुग्णाला ती फुकट मिळत नव्हती. त्यासाठी १ एप्रिल २००४ उजाडावी लागली. त्या दिवशी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे नॅकोने, देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी सुरू केली. मुंबईचं जे. जे. त्यात होतं.

आता या गोळीचा काळा भाग. स्टॅव्ह्युडिन, संक्षेपात डी४टी, हेही मूळ हॉर्विट्झच्याच प्रयोगशाळेतलं. स्वस्त होतं, एझेडटीसारखं रक्त कमी करत नव्हतं, त्यामुळे वारंवार हिमोग्लोबिन तपासायची गरज नव्हती. नऊच्या खाली हिमोग्लोबिन असलेल्याला एझेडटी देता येत नसे, त्याला स्टॅव्ह्युडिन मिळे. आणि आपल्याकडे रक्त कमी कुणाचं असतं? बायकांचं. त्यामुळे ते त्यांच्या वाट्याला जास्त आलं.

पहिलं वर्ष दीड वर्ष सगळं उत्तम. वजन वाढायचं, बाई शेतात कामाला जायला लागायची. मग हळूहळू तळपाय जळायला लागत, मुंग्या येत, रात्री पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नसे. गाल आत जात. हातापायांवरची, कुल्ल्यांवरची चरबी झडून शिरा वर दिसायला लागत. हे औषध पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागांना, मायटोकाँड्रियांना इजा करतं, त्यातून हे सगळं होतं. क्वचित रक्तात लॅक्टिक आम्ल साचून जीवही जायचा. पण रुग्णांना सगळ्यात जास्त बोचला तो चेहरा. सीडी-४ वाढत होते, प्रकृती सुधारत होती, आणि गालांवरून मात्र गावात कुजबुज सुरू व्हायची. काहींनी त्यासाठी गोळ्या सोडल्या. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं आणि आपल्याकडेही ते मागे पडलं. गेलेली चरबी मात्र पूर्णपणे परत येत नाही. आजही ओपीडीत काही जुने रुग्ण येतात, त्यांचे गाल पाहून त्यांनी कुठल्या काळात उपचार सुरू केले ते सांगता येतं.

या औषधावर टीका करणं आज सोपं आहे. पण २००४ मध्ये त्याला पर्याय काय होता? बहुतेकांसाठी पर्याय मृत्यू होता. ते औषध वाईट होतं आणि त्याने माणसं वाचवली, ही दोन्ही विधानं खरी आहेत.

गोळीतला तिसरा साथीदार नेव्हिरापिन. त्याने अंगावर पुरळ येई, कधी ते गंभीर होई, यकृतालाही त्रास होई. म्हणून पहिले चौदा दिवस अर्धा डोस. शिवाय टीबीचं रिफाम्पिसिन त्याला शरीरात टिकू देत नाही. एचआयव्ही आणि टीबी हातात हात घालून चालणाऱ्या आपल्या देशात ही मोठीच अडचण. त्यामुळे टीबी असलेल्याला एफाव्हिरेंझ दिलं जाई. त्याचा स्वभाव वेगळा : गरगरणं आणि विचित्र, जिवंत वाटणारी स्वप्नं. रात्री झोपताना घ्यायचं, तेही तूप-तेलाच्या जेवणावर नाही, कारण चरबीबरोबर ते रक्तात जास्त उतरतं. शिवाय या दोघांचा एक समान दोष होता. विषाणूतला एकच नेमका बदल दोघांनाही निकामी करू शकत असे. थोडे दिवस गोळ्या चुकल्या की तेवढं पुरत असे.

स्टॅव्ह्युडिन आणि एझेडटीच्या जागी आलं टेनोफोव्हिर. प्रागमधले रसायनशास्त्रज्ञ अँटोनिन होली यांच्या कामातून निघालेलं हे औषध २००१ मध्ये मंजूर झालं. दिवसातून एकदा, रक्त कमी करत नाही, गाल बसवत नाही. मूत्रपिंड आणि हाडं यांच्याकडे मात्र लक्ष ठेवावं लागतं, म्हणून तुमचं क्रिएटिनिन तपासतात. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि एफाव्हिरेंझ मिळून झाली टीएलई, रात्रीची एक गोळी. अनेकांनी ती वर्षानुवर्षं घेतली आहे.

गोळ्या सुसह्य झाल्या तसा आणखी एक बदल झाला. सुरुवातीला सीडी-४ दोनशेच्या खाली जाईपर्यंत थांबत, कारण औषधांचा त्रास रोगाइतकाच होता. मग ३५०, मग ५००, आणि २०१७ पासून आपल्याकडे निदान झालं की लगेच उपचार. यामागे एक अभ्यास आहे ज्यात पुणं आणि चेन्नई दोन्ही होते. एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही अशा १,७६३ जोडप्यांवर नऊ देशांत तो झाला. लवकर उपचार सुरू केले तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते, हे २०११ मध्ये त्यातून समोर आलं. पुढच्या अभ्यासांतून तर हेही स्पष्ट झालं की व्हायरल लोड दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. लग्न, मूल यांचा विचार करणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं आणि आपल्या केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलावं.

आता तुमच्या हातातली बाटली. टीएलडीमधला 'डी' म्हणजे डोल्युटेग्राव्हिर. सातबाऱ्यावर नाव चढवणाऱ्या एन्झाइमला हे अडवतं. २०१३ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. ते एन्झाइमला इतकं घट्ट धरून बसतं की रेझिस्टन्स तयार होणं अवघड जातं. एखादा डोस चुकला तर एफाव्हिरेंझपेक्षा हे जास्त सांभाळून घेतं. (चुकवायला मी परवानगी देत नाहीये!) विषाणूही झपाट्याने खाली येतो. २०१८ मध्ये बोत्स्वानातून एक भीतीदायक बातमी आली होती. गर्भधारणेच्या वेळी हे औषध घेणाऱ्या ४२६ स्त्रियांपैकी चौघींच्या बाळांच्या मेंदूत किंवा मणक्यात जन्मजात दोष होता. अनेक देशांनी तरुण स्त्रियांना ते देणं थांबवलं. पुढे हजारो प्रसूतींची माहिती जमल्यावर इतर औषधांपेक्षा धोका जास्त नसल्याचं दिसलं. आता गरोदरपणातही हीच गोळी देतात. तुमच्या वहिनीने तेव्हाची बातमी वाचून भीती घातली असेल तर तिला पुढचं सांगा.

यालाही त्याचे स्वभाव आहेतच. वजन वाढू शकतं. काहींना झोप लागत नाही, त्यांनी सकाळी घ्यावी. मधुमेहाचं मेटफॉर्मिन याच्याबरोबर रक्तात वाढतं, म्हणून ते दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. साखरेच्या डॉक्टरांना टीएलडीबद्दल सांगायलाच हवं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या जेवणासोबत टीएलडीबरोबर चालतात, पण उपाशीपोटी नाही. ॲसिडिटीचं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं पांढरं औषध मात्र टीएलडीनंतर दोन तासांनी घ्या, किंवा आधी घेतलं असेल तर सहा तास जाऊ द्या. आणि टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू असेल तर डोल्युटेग्राव्हिरची आणखी एक गोळी बारा तासांनी घ्यावी लागते. टीबीची औषधं दुसरीकडून घेत असाल तर एआरटी केंद्रात हे सांगणं तुमच्याच हातात आहे.

तर "बाहेरची महाग गोळी जास्त चांगली का?" बाहेर बिक्टेग्राव्हिर आणि टेनोफोव्हिरचं नवं रूप असलेली गोळी मिळते. औषध चांगलं आहे. चाचण्यांमध्ये व्हायरल लोड दाबण्यात ते डोल्युटेग्राव्हिरच्या बरोबरीचं ठरलं, वरचढ नाही. टेनोफोव्हिरचं नवं रूप मूत्रपिंड आणि हाडांना सौम्य आहे, म्हणून ज्याची किडनी कमजोर आहे त्याच्यासाठी विचार होतो. वजन आणि कोलेस्टेरॉल मात्र त्याने जास्त वाढतं. आणि रिफाम्पिसिनबरोबर बिक्टेग्राव्हिर चालत नाही. टीबी इतका असलेल्या देशात हा लहान मुद्दा नाही. टीएलडी फुकट मिळते ती दुय्यम आहे म्हणून नव्हे. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय खरेदीत तिची किंमत वर्षाला ४५ डॉलरपेक्षाही खाली आली, आणि जागतिक आरोग्य संघटना पहिली पसंती म्हणून सांगते ती डोल्युटेग्राव्हिरवर आधारलेल्या याच उपचाराची.

इंजेक्शनांबद्दलही विचारणा होते. दोन महिन्यांतून एकदा घ्यायची दोन इंजेक्शनं काही देशांत वापरात आहेत. वर्षातून दोनदा घ्यायचं लेनाकापाव्हिर २०२५ मध्ये अमेरिकेत, लागण होऊ नये म्हणून, मंजूर झालं. ती तुमच्या केंद्रात येतील तेव्हा त्यांच्यावर वेगळं लिहीन.

सध्या औषध बदलून मिळालं असेल तर तीन गोष्टी विचारून घ्या : माझा शेवटचा व्हायरल लोड किती होता आणि पुढचा कधी, माझं क्रिएटिनिन कसं आहे, आणि मला हिपॅटायटिस बी आहे का. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन ही दोन्ही हिपॅटायटिस बीवरही काम करतात, आणि तो असताना ती अचानक बंद केली तर यकृताला एकदम सूज येऊ शकते. घरात जुन्या टीएलईच्या किंवा आणखी आधीच्या गोळ्या उरल्या असतील तर त्या पुढच्या फेरीला केंद्रात परत द्या. नव्याबरोबर जुन्या घेऊ नका, आणि "संपवून टाकू मग नवी सुरू करू" असंही करू नका.